कुठली गाडी ते नका सांगू

काउंटरवरच्या पोराने गाडीचा नंबर टाइप केला, एंटर मारला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. गाडी सापडली होती. एमजीबी, १९७१, १७९८ सीसी, पेट्रोल, रंग केशरी. सगळं बरोबर. (एमजीबी म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार.) त्याखाली या गाडीसाठी दुकानात काय मिळेल त्याची यादी होती: पायाखालचे रबरी मॅट, काच धुवायचं पाणी आणि आरशाला लटकवायचं ते वासाचं पुठ्ठ्याचं झाड.

"मला रोटर आर्म हवाय," मी म्हणालो.

"ब्रेकचा?"

"नाही. डिस्ट्रिब्युटरमधला."

डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगीची वीज एकेका सिलिंडरच्या प्लगला वाटून देणारा भाग, आणि रोटर आर्म म्हणजे त्यात फिरणारा हात. पोरगं वीस-एकवीस वर्षांचं. त्याच्या जन्माच्या आधीच नव्या गाड्यांमधून डिस्ट्रिब्युटर जवळजवळ नाहीसे झाले होते. ही वस्तू आपण कधी पाहिलेली नाही असं त्याने सरळ सांगून टाकलं. मला ते आवडलं. नाहीतर काउंटरमागचा माणूस आणि 'मला माहीत नाही' हे शब्द यांची गाठ क्वचितच पडते. त्याने इकडेतिकडे फोन केले आणि म्हणाला, दुपारच्या व्हॅनने येईल, चार वाजता या.

हे सगळं घडत होतं अ‍ॅबिंग्डनमध्ये. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला थेम्सकाठचं हे गाव. १९२९ साली एमजीवाले इथल्या पाव्हलोव्हा नावाच्या चामड्याच्या कारखान्याच्या रिकाम्या भागात आले आणि ऑक्टोबर १९८०मध्ये कारखान्याला कुलूप लागेपर्यंत इथेच होते. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं इथेच जोडली गेली, पाच लाखांवर. माझी गाडी ज्या फाटकातून पहिल्यांदा बाहेर पडली असेल ती जागा त्या दुकानापासून फार लांब नाही. आळंदीत ज्ञानेश्वरी मिळू नये, तसली गत.

मी मूळचा साताऱ्याचा. वडिलांची टुरिस्ट परवान्याची अ‍ॅम्बेसिडर होती आणि ती घरासमोर उघडली की बॅटरी धरून उभं राहणं हे माझं काम. 'इकडं मार उजेड, माझ्या तोंडावर नको' हे वाक्य मी शाळेतल्या कवितांपेक्षा जास्त वेळा ऐकलंय. पुढे शिक्षण, नोकरी, हारवेलच्या प्रयोगशाळेत काम आणि म्हणून अ‍ॅबिंग्डनला घर. २०१९ साली निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याने त्याची एमजीबी विकायला काढली. मी नुसता बघायला गेलो होतो. त्याने बॉनेट उघडलं आणि मी जागीच थबकलो. ते टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं पत्र्याचं झाकण), त्याच्यावरचे दोन नट, उजव्या अंगाला डेल्को (डिस्ट्रिब्युटरला आमच्याकडे सगळे मेस्त्री डेल्कोच म्हणायचे), डावीकडे कार्बोरेटर. हे इंजिन मी ओळखत होतो.

भास नव्हता तो. अ‍ॅम्बेसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची बी-सिरीज. स्ट्रोक (सिलिंडरातल्या पिस्टनची चाल) दोघींचा ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर साडेतीन इंच. एमजीबीचे सिलिंडर तेवढे रुंद केलेले, ७३ मिलिमीटरवरून ८०च्या वर. बाकी तोंडवळा तोच. एक बहीण टॅक्सी स्टँडवर, दुसरी छप्पर उघडं टाकून थेम्सकाठी फिरतेय, एवढाच फरक. गाडी घेतली. बायकोने एकच प्रश्न विचारला: "हिचे पार्ट मिळतात ना?" मी म्हणालो, "इथे तर कारखानाच होता."

ते वाक्य तिने अजून मला विसरू दिलेलं नाही.

रोटर आर्मपर्यंत मी पोचलो तो थेट नाही. त्याआधी पंधरा दिवस मी पेट्रोलच्या मागे लागलो होतो. गाडी थंड असताना छान चालायची, वीस-पंचवीस मिनिटांनी इंजिन तापलं की झटके द्यायची आणि बंद पडायची. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा सुरू. लक्षणं ऐकून कुणीही म्हणेल, पेट्रोल उकळतंय किंवा कार्बोरेटरमध्ये घाण आहे. मीही तेच म्हणालो. दोन्ही एसयू कंपनीचे कार्बोरेटर खोलले, साफ केले. तेव्हा दोन गोष्टी कळल्या.

पहिली म्हणजे पेट्रोलचा रबरी होस. बोटाने वाकवला तर वरच्या थराला उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. सप्टेंबर २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याला ई१० म्हणतात. (भारतात तर आता वीस टक्क्यांवर गोष्ट गेली आहे.) जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून आम्ही जुन्या गाडीवाले महागडं, ९७ ऑक्टेनचं, कमी इथेनॉलवालं पेट्रोल भरतो आणि पंपावर मान खाली घालून पैसे देतो. होस घ्यायला गावातल्याच दुसऱ्या एका दुकानात गेलो. तिथे रीळ टांगलेलं होतं, मीटरवर कापून देत होते. आतला व्यास आठ मिलिमीटर, मला हवा होता ५/१६ इंच, म्हणजे ७.९. जमण्यासारखं. पण होसवर काहीच छापलेलं नव्हतं. "पेट्रोलचाच आहे ना?" "हो, हो, पेट्रोलचाच." मी घेतला. सहा महिन्यांत त्यालाही भेगा. आता होसच्या अंगावर 'एसएई जे३० आर९' अशी अक्षरं असल्याशिवाय मी एक फूटही घेत नाही. ती अक्षरं म्हणजे आतून इथेनॉल सोसणारं अस्तर. इंजिनाच्या तापत्या भागाशेजारून पेट्रोल नेणारी नळी आहे ती, तिच्यात काटकसर कसली करायची.

दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी. कार्बोरेटर इंजिनाला ज्या नटांनी बसतो त्यातला एक माझ्या हातून निसटून अंगणातल्या खडीत गेला. तासभर शोधला. मग हार्डवेअरच्या दुकानातून एम८चा, म्हणजे आठ मिलिमीटरी मापाचा, चकचकीत नट आणला, कारण डोळ्यांना अगदी तोच दिसत होता. लावला, दीड फेरा छान गेला. मग घट्ट वाटायला लागला. मला वाटलं, स्टड गंजलाय. तेल सोडलं, पाना लावला आणि जोर केला. कर्रर्र असा जो आवाज आला तो ऐकून वडिलांनी माझ्या पाठीत धपाटा घातला असता. स्टडचे आटे गेले होते.

चूक साधी होती. १९७१ची एमजीबी इंची गाडी आहे, तिचे बहुतेक नटबोल्ट यूएनएफ या इंची मापाच्या आट्यांचे. ५/१६ इंचाचा स्टड ७.९४ मिलिमीटर भरतो, एम८ भरतो आठ. जाडी जवळजवळ सारखी. पण ५/१६ यूएनएफला इंचाला २४ आटे, एम८ला साधारण वीस. म्हणून नट सुरुवातीला फसवून आत जातो आणि मग एकमेकांचे आटे खातात. पान्यांचंही तेच. त्या नटाला अर्धा इंची पाना लागतो, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेराचा पाना बसतो, ढिला बसतो, आणि जोर केला की कोपरे गोल करतो. माझ्या घरी तेराचे तीन पाने होते, अर्धा इंची एकही नव्हता. आता उलट आहे.

होस नवा, कार्बोरेटर स्वच्छ, एक नट कमी, आणि गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी विटनीच्या रस्त्यावर, न्यूब्रिजच्या अलीकडे. नाव न्यूब्रिज, पण पूल मध्ययुगातला. किल्ली फिरवली की मागच्या उजव्या चाकाजवळून पेट्रोल पंपाची टकटक ऐकू येत होती आणि हळूहळू थांबत होती. म्हणजे पेट्रोल पुढे भरलंय. (ती टकटक कधी आलीच नाही तर खाली वाकून पंपाला चपलेचा हलका दणका द्यायचा, हा उपाय जुन्या एसयू पंपांवर जगन्मान्य आहे.) मदतीला आलेला माणूस पन्नाशीचा होता. बॉनेट उघडं बघून खूश झाला. म्हणाला, बरेच दिवसांत टोपण काढायला मिळालं नाही.

त्याने जे केलं ते मी जवळून पाहिलं. डिस्ट्रिब्युटरचं टोपण बाजूला केलं. ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलकडून येणारी मधली जाड वायर काढली आणि तिचं टोक रोटर आर्मच्या पितळी पट्टीपासून तीनेक मिलिमीटरवर धरलं. मला इग्निशन चालू करायला लावून स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला छोटा स्विच) उघडले. वायरीच्या टोकापासून पितळेवर टिचकन निळी ठिणगी उडाली. पुन्हा उघडले, पुन्हा ठिणगी.

"उडतेय की," मी आनंदाने म्हणालो.

"तेच तर दुखणं आहे. उडायला नको."

खरंच. रोटर आर्म अधांतरी असायला हवा. बेकेलाइटच्या अंगावर पितळेची पट्टी, खाली लोखंडी दांडा, आणि दोघांमध्ये विजेला जायला वाट नसावी. वाट नसेल तर ठिणगी त्या पट्टीवर उडेलच कशाला? ती उडतेय याचा अर्थ वीज रोटरच्या अंगातून खालच्या दांड्यात पाझरतेय, प्लगपर्यंत जातच नाही. गरम झाल्यावर जास्त पाझरते, म्हणून वीस मिनिटांचा खेळ. जुने मेस्त्री म्हणतात, कार्बोरेटरची दहातली नऊ दुखणी डेल्कोत असतात. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि तरीही पंधरा दिवस कार्बोरेटर धूत बसलो.

तर असा मी त्या पोराच्या काउंटरवर उभा होतो. चार वाजता गेलो, रोटर आला होता. काळा, नवाकोरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. बसवला, गाडी सुरू. शंभर-दीडशे मैल चालली, आणि तेच झटके. वायर धरून बघितलं: टिचकन ठिणगी. परत नेला. पोराने कुरकुर न करता दुसरा मागवून दिला. तो तिसऱ्या दिवशी गेला. मग त्याने पैसे परत केले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काउलीकडे एक जुनं दुकान आहे. तिथे विचारा. पण जुना भाग घेऊन जा."

इंग्लंडात सुट्या भागांच्या दुकानदाराला मोटर फॅक्टर म्हणतात. शब्द ऐकून कारखाना वाटतो, पण फॅक्टर म्हणजे आडत्या. आणि खरा आडत्या कसा असतो ते मला काउलीत कळलं. काउली म्हणजे ऑक्सफर्डचा कारखान्यांचा भाग, मॉरिसचं माहेर. आज तिथे मिनी बनते. दुकान एका गल्लीत, बाहेर पाटी फिकटलेली. आत लाकडी काउंटर, कोपऱ्यात संगणक आणि त्या संगणकावर वाळत टाकलेला मफलर. काउंटरवर जाडजूड कॅटलॉग, पानांच्या कडा अंगठ्यांनी काळ्या झालेल्या. मागे तपकिरी डगल्यातला साठी ओलांडलेला माणूस.

मी सुरू केलं, "माझी एमजीबी आहे, १९७१ची, रोडस्टर, तिला..."

"गाडी घेऊन मी काय करू? डिस्ट्रिब्युटर कुठलं?"

"लुकास."

"ते दिसलं. लुकास काय?"

मी गप्प. मग त्याने मला परत पाठवलं. शब्दशः. गाडीपाशी जा, डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर ठोकलेले आकडे वाचून ये. गेलो, पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, मोबाइलच्या उजेडात वाचलं: २५डी४, आणि त्यापुढे पाच आकडी नंबर. परत येऊन सांगितलं. त्याने मान डोलवली आणि माझे मेलेले तीन रोटर मागितले. एकेक उलटा करून बघितला, नखाने पितळी पट्टीच्या मधोमध टोचलं.

"हा रिव्हेट दिसतोय? पट्टी अंगाला पक्की करायला मारलेला आहे. आतून तो दांड्याच्या किती जवळ पोचतो बघ. मधे एवढंसं प्लॅस्टिक. आणि त्या प्लॅस्टिकला काळा रंग यावा म्हणून काजळी घातलेली. काजळी म्हणजे कार्बन. कार्बनमधून काय जातं?"

मी साताऱ्याला सातवीत असल्यासारखं उत्तर दिलं, "वीज."

"मग."

त्याने मागच्या खणातून एक लाल रोटर काढला. लाल, आणि बिनरिव्हेटचा. पट्टी साच्यातच बसवलेली. आधीच्यापेक्षा दुपटीने महाग होता. त्याला आज काही वर्षं झाली, अजून तोच चालू आहे. आधीचे तीन मी फेकले नाहीत. मित्रांना दाखवायला ठेवलेत, आणि दाखवतो तेव्हा बायको चहा करायला उठून जाते.

त्या दिवशी दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्याने मला थोडं शिकवलं. म्हणाला, अ‍ॅबिंग्डनला एमजीने 'बनवलं' असं काही नाही रे. तिथे जोडत होते. बॉडी स्विंडनहून यायची. वीज लुकासची, बर्मिंगहॅमची. कार्बोरेटर एसयूचे, ब्रेक लॉकहीडचे, घड्याळं स्मिथ्सची, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आर्मस्ट्राँगचे, ओव्हरड्राइव्ह असेल तर लेकॉकचा. आणि हेच लोक हेच भाग दहा इतर गाड्यांनाही देत होते. म्हणून काउंटरवर येऊन 'एमजीबीचा अमुक' मागितलास तर संगणक तुला मॅट देणार. पण तुझा अल्टरनेटर लुकास १६एसीआर आहे म्हणालास, तर त्या काळच्या कितीतरी गाड्यांचा तोच आहे, मिळेल. समोरचा दिवा सात इंची गोल म्हणालास, तर मिनीचा तोच, लँडरोव्हरचा तोच.

मला एकदम अ‍ॅम्बेसिडरचा दिवा आठवला. तोही सात इंचीच, जीपचाही.

आपल्याकडे स्थळ बघताना मुलाचं नाव नंतर विचारतात, आधी गाव आणि कूळ. इथेही तीच पद्धत. मी घरी येऊन एक वही केली. त्यात गाडीचं नाव कुठेच नाही. इंडिकेटरचा बल्ब ३८२, मागच्या ब्रेक दिव्याचा ३८०. प्लग एनजीके बीपी६ईएस. पट्टा: रुंदी मिलिमीटरमध्ये, मग लांबी, आणि लांबी जुन्या पट्ट्याभोवती दोरा गुंडाळून मोजायची, कारण ताणलेल्या पट्ट्यावरचे आकडे पुसलेले असतात. बेअरिंग असेल तर त्याच्या कडेवर कोरलेला नंबर, आणि मग गाड्यांच्या दुकानात जायचंच नाही, बेअरिंगच्या दुकानात जायचं. तिथे त्यांना ते चाकात जाणार की पिठाच्या गिरणीत, याच्याशी कर्तव्य नसतं. ऑइल सील असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. या वहीने मी पुन्हा त्याच पोराकडे जायला लागलो, आणि गंमत अशी की आता त्याच्याकडे बऱ्याच गोष्टी मिळायला लागल्या. दुकान तेच, संगणक तोच.

सगळंच सुटलं असं नाही. या गाडीला सीटच्या मागे जमिनीखाली दोन कप्पे आहेत आणि त्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. १९७४पर्यंत एमजीबी अशाच यायच्या. कुणाच्या डोक्यातून हे निघालं माहीत नाही, पण बॅटरी तपासायची तर सीट पुढे ढकला, गालिचा उचला, झाकणाचे स्क्रू फिरवा आणि आत डोकं घाला. तीन दुकानांत सहा व्होल्टची बॅटरी मागितली. एका ठिकाणी विचारलं, "ट्रॅक्टर?" दुसऱ्या ठिकाणी, "किती जुनी मोटरसायकल?" तिसऱ्याने मिळवून दिल्या, पण दोनांची किंमत ऐकून मी एका कप्प्यात मावणारी १२ व्होल्टची एकच लहान बॅटरी बसवली. दुसऱ्या कप्प्यात आता पाने ठेवतो, अर्धा इंचीसकट. शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतात. मुरडू देत. त्यांना थंडीत गाडी ढकलायला बोलावलं तर येत नाहीत.

तेलाचीही हीच रड. दुकानात भिंतभर ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२०, पाण्यासारखी पातळ तेलं. मला हवं २०डब्ल्यू-५०. 'क्लासिक' असं सोनेरी अक्षरांत छापलेल्या डब्यात मिळतं, आणि सोनेरी अक्षरांचे पैसे वेगळे पडतात. साताऱ्याच्या कुठल्याही पंपावर बुलेटवाल्यांसाठी याच जातीचं जाड तेल कसलाही सोहळा न करता मिळत असे.

सप्टेंबरात न्यू फॉरेस्टमधल्या ब्यूलीला गेलो. तिथे १९६७पासून जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, त्याला ऑटोजंबल म्हणतात. भल्या मोठ्या मैदानावर तंबू आणि टेबलं, आणि त्यांच्यावर गंज. आपल्या जुन्या बाजारासारखं, फक्त चिखल जास्त आणि आवाज कमी. तिथे मी काउलीच्या म्हाताऱ्याचं एक वाक्य धरून हिंडलो: जुना पण न वापरलेला माल घेताना पितळ, लोखंड, काच, बेकेलाइट बेलाशक घे, रबर असेल तर हात लावू नको, पेटीत बसून बसूनही ते म्हातारं होतं. जुन्या कागदी डब्यातलं एक डिस्ट्रिब्युटरचं टोपण मिळालं. शेजारीच क्लच सिलिंडरचं किट होतं, सीलबंद, स्वस्त. रबर म्हणून सोडलं. सोडताना जीव तुटला, कबूल करतो.

आता पुण्याची गोष्ट. टॅपेट कव्हरखालून तेल गळत होतं. मागच्या मालकाने बसवलेलं कॉर्कचं पॅकिंग काढताना बिस्किटासारखं तुटलं. तुकडे जुळवून कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवले आणि पेन्सिलीने बाहेरून-आतून रेघ मारून घेतली. गाडीला गावातूनच नवं आणून लावलं आणि तो पुठ्ठा, कशासाठी ते धड ठरवलेलंही नसताना, बॅगेत टाकून डिसेंबरात पुण्याला गेलो. एका दुपारी नाना पेठेत शिरलो. दुकान पाच फूट रुंद, छतापर्यंत खोकी, दारात टांगलेले पट्टे.

"काय पाहिजे साहेब?"

"अ‍ॅम्बेसिडरचं टॅपेट कव्हरचं पॅकिंग."

"पेट्रोल का डिझेल?"

"पेट्रोल."

"जुनी का इसुझू?"

"जुनी."

बस. वर न बघता त्याने हात वर केला, सुतळीने बांधलेला एक गठ्ठा खाली आला, त्यातून एक पॅकिंग. संगणक नाही, कॅटलॉग नाही. मी पुठ्ठा काढून काउंटरवर ठेवला आणि पॅकिंग त्याच्यावर. कड कडेला लागली.

"हे काय आणलंय?" त्याने पुठ्ठ्याकडे बोट केलं. त्यावर कोंबडा छापलेला होता.

मी सांगितलं, गाडी इंग्लंडात आहे, इंजिन त्याच घराण्यातलं.

"तिकडं अजून चालतात व्हय?" तो म्हणाला. "मला वाटलं, तिकडनं बंद झाल्या म्हणून आपल्याकडं आल्या." मग उत्साहाने त्याने डेल्कोचं टोपण, रोटर, पॉइंट असं सगळं पुढ्यात मांडलं. रोटर मी हातात घेतला, उलटा केला, वजन करून बघितल्यासारखं केलं आणि परत ठेवला. जुळवून बघायला माझा जुना बरोबर नव्हता. तीन मेलेले रोटर अ‍ॅबिंग्डनच्या कपाटात पडले होते. पॅकिंग सत्तर रुपयाला एक, पाच घेतली. ती पाच पॅकिंगं आईने दिलेल्या गोड्या मसाल्याच्या पिशवीला खेटून आली आणि एमजीबीवर बसवलेल्या पहिल्या पॅकिंगला जवळजवळ आठवडाभर, इंजिन तापलं की, आमटीचा वास येत होता.

पण आधी ते बसवलं तेव्हा गळती थांबली नाही. गावातून आणलेल्यानेही थांबली नव्हती. पॅकिंगचा दोष नव्हता. पूर्वी कुणीतरी दोन्ही नट जीव खाऊन आवळले होते आणि पत्र्याचं कव्हर कडेला वाकलं होतं. काचेवर ठेवून बघितलं तर दोन ठिकाणी खालून उजेड दिसत होता. लाकडाचा ठोकळा आतून धरून हलक्या हातोडीने अर्धा तास ठोकलं, पुन्हा काचेवर ठेवलं, पुन्हा ठोकलं. मग पॅकिंगला बोटाने पातळ ग्रीस, नट हाताने जेवढे जातील तेवढे आणि वर पान्याने थोडंसंच. गळती बंद.

उरलेल्यांतलं एक पॅकिंग मी काउलीला घेऊन गेलो. म्हाताऱ्याने स्वतःकडचं काढलं, दोन्ही एकावर एक ठेवून उजेडासमोर धरली. नाकाजवळ नेलं आणि भुवई उंचावली, पण विचारलं नाही.

"कुठलं?"

"हिंदुस्तान अ‍ॅम्बेसिडर. १४८९."

"किती पडलं?"

हिशेब करून सांगितला, सत्तर पेन्सपेक्षा कमी. त्याने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग कॅटलॉग उघडला, बी-सिरीजचं पान काढलं आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं. ती पेन्सिल कानामागे खोचत म्हणाला, "पुढच्या वेळी जाशील तेव्हा वॉटर पंपाचंही बघून ये. जुना घेऊन जा मात्र."

जुना काढून ठेवलाय. येत्या डिसेंबरात हीथ्रोवर माझ्या बॅगेत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक गंजका वॉटर पंप असणार आहे, आणि बॅग उघडायला लावली तर काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.